खरवड

"तीन नंबर लागलाय," मामा म्हणाले आणि मी दचकून पॅनेलकडे बघितलं. मला वाटलं, कुठलातरी अलार्म लागलाय. पॅनेल शांत होतं. मामांनी लॉग शीटच्या एका रकान्यावरून बोट सावकाश खाली नेलं. तिसऱ्या रिअॅक्टरचा डेल्टा टी, म्हणजे आत शिरताना आणि बाहेर पडताना तापमानात पडणारा फरक, काही महिन्यांपूर्वी १८ अंश होता, तो आता ११ वर आला होता. भात लागतो, दूध लागतं, तसा मामांच्या भाषेत कॅटालिस्ट लागला होता.

गोष्ट १९९३ ची. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी एका रिफायनरीत लागलो (तेही लागणंच), त्याला वर्षही झालं नव्हतं. रिफायनरी कुठली ते सांगत नाही. पुढे जे घडलं ते तिच्यामुळे घडलं नाही, माझ्यामुळे घडलं. मामा आमचे सीनियर पॅनेल ऑपरेटर. खरं नाव हजेरीपटावर, एरवी मोठ्या साहेबांपासून कँटीनच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांचे मामा. शिक्षण जुनी मॅट्रिक. मला ते 'साहेब' म्हणत. त्या 'साहेब'मध्ये आदर किती आणि गंमत किती, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

युनिट होतं कॅटॅलिटिक रिफॉर्मर. कच्च्या तेलातून निघणारा जड नाफ्था तसाच गाडीत घातला तर इंजिन खडखडतं. त्याचा ऑक्टेन, म्हणजे न खडखडता जळण्याचा आकडा, पन्नाशीच्या आसपास. त्याच रेणूंची घडण बदलली की ऑक्टेन पंचाण्णवच्या घरात जातो. त्यासाठी नाफ्था हायड्रोजनबरोबर पाचशे अंशांच्या आसपास तापवायचा आणि एकामागून एक तीन रिअॅक्टरमधून न्यायचा. पहिल्या रिअॅक्टरमध्ये सहा कार्बनची वलयं आपला हायड्रोजन पटापट सोडून देतात. मिथाइल सायक्लोहेक्झेन आत जातं, टोल्युइन होऊन बाहेर येतं. हायड्रोजन सुटायला उष्णता खर्च होते, म्हणून तापमान एकदम सत्तर-ऐंशी अंशांनी उतरतं. पुन्हा हीटर, दुसरा रिअॅक्टर. पुन्हा हीटर, तिसरा. तिसऱ्याच्या वाट्याला येतात ती चिवट कामं, सरळ साखळ्या वाकवून त्यांची वलयं करण्याची. म्हणून सगळ्यात जास्त कॅटालिस्ट तिसऱ्यात भरतात, आणि लागतोही सगळ्यात जास्त तोच.

पाठ्यपुस्तकात याला उत्प्रेरक म्हणतात. आमच्या कंट्रोल रूममध्ये कुणी तो शब्द उच्चारला असता तर लोकांच्या हातातले चहाचे ग्लास हातातच राहिले असते. कॅटालिस्ट दिसायला बारीक साबुदाण्यासारखा; दाणा साधारण दीड मिलिमीटरचा, पांढुरका. अंग सगळं अॅल्युमिनाचं, त्यात जेमतेम ०.३ टक्का प्लॅटिनम, तेवढंच रेनियम आणि एखादा टक्का क्लोरीन. टनाला तीन किलो प्लॅटिनम म्हणा. दाणा आतून इतका सच्छिद्र, की एक ग्रॅम कॅटालिस्टचा आतला पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरच्या आसपास भरतो. चिमटीत मावणाऱ्या दाण्यांमध्ये मुंबईतले तीन टू-बीएचके! हे गणित मी पहिल्याच आठवड्यात मामांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग झाडून काढायला बाई मिळायची नाही."

प्लॅटिनमसारखी चीज तेलात घालायची कल्पना १९४० च्या दशकात वेडेपणाचीच वाटत असणार. त्याआधी मॉलिब्डेनमच्या ऑक्साइडवर हेच काम चालायचं. दुसऱ्या महायुद्धात टीएनटीसाठी लागणारं टोल्युइन त्यातूनच काढलं. पण तो कॅटालिस्ट काही तासांतच काळा पडायचा, मग एक रिअॅक्टर कामावर आणि एक धुण्यावर अशी अदलाबदल सतत करावी लागे. व्लादिमीर हेन्सेल या रसायनज्ञाने यूओपी कंपनीत दाखवून दिलं, की प्लॅटिनम नखाएवढं घातलं आणि नीट पसरलं तर ते महिनोन्महिने टिकतं. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्केगन इथे पहिलं युनिट चालू झालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेव्हरॉनच्या लोकांनी जोडीला रेनियम घातलं आणि कॅटालिस्टचं आयुष्य आणखी वाढलं. या सगळ्या इतिहासात शोध ऑक्टेनचा आहे असं वाटतं. मला तो काजळी किती दिवस लांबवता येते याचाच इतिहास वाटतो.

कारण ही काजळी, म्हणजे कोक, काही बाहेरून येत नाही. वलयाने हायड्रोजन सोडला की बेंझीन-टोल्युइन होतं. ते आपल्याला हवंच असतं. पण वलय तिथे थांबलं नाही, आणखी हायड्रोजन सोडत शेजारच्याला चिकटलं, ते तिसऱ्याला चिकटलं, की मधाच्या पोळ्यासारखा षटकोनांचा पत्रा तयार होतो आणि जागेवरच बसतो. तो कोक. ज्या रस्त्याने पेट्रोल होतं त्याच रस्त्याने दोन पावलं पुढे गेलं की कोक होतो. बासुंदी आणि खरवड यांच्यात तरी दुसरं काय असतं? आटवणं तेच, आच तीच. आमच्या घरी खरवडीवरून भावंडांत मारामाऱ्या होत, एवढाच फरक. कोकची चव घ्यावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही.

या चिकटाचिकटीला आवर घालतो हायड्रोजनचा दाब. दाब जास्त ठेवला तर कोक कमी, पण मग वलयंही हायड्रोजन सोडायला कुरकुरतात आणि ऑक्टेन पडतो. दाब उतरवला की माल उत्तम आणि काजळीही उत्तम. मग महिन्यामागून महिने एक खेळ चालतो. कोक बसला, ऑक्टेन अर्ध्या अंकाने घसरला की हीटरचं तापमान एक अंश वाढवायचं. ऑक्टेन जागेवर येतो, पण वाढलेल्या अंशामुळे कोक आणखी जोमाने बसतो, मग आणखी एक अंश. सावकाराचं व्याज द्यायला दुसऱ्या सावकाराकडे जाण्याचाच प्रकार. ४९० ला सुरू केलेलं युनिट ५२० च्या आसपास पोचलं की बिऱ्हाड आवरायची वेळ होते. आमच्यासारख्या युनिटमध्ये हे साधारण वर्षाने यायचं.

एक गोष्ट मात्र मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती. अगदी कोरा, चकचकीत कॅटालिस्ट भलता उधळलेला असतो. नाफ्था आल्या आल्या तो रेणूंचे तुकडेच तुकडे करून मिथेन करून टाकतो आणि तापमान भलतीकडे धावतं. म्हणून सुरुवातीलाच त्याला मोजून थोडं गंधक पाजतात. एरवी हेच गंधक कॅटालिस्टचं विष. नाफ्था आत सोडण्याआधी ते अर्ध्या पीपीएमच्याही खाली आणण्यासाठी वेगळं युनिट चालवायचं, आणि पहिल्या दिवशी आपल्याच हाताने त्याला वेसण म्हणून तेच घालायचं. पहिल्या काही दिवसांत बसणारा थोडासा कोकही त्याला असाच माणसात आणतो. मामा म्हणत, पहिले चार दिवस त्याला घाबरायचं, पुढचं वर्षभर त्याने आपल्याला.

तर तीन नंबर लागला होता. युनिट बंद करून रीजन करायचं ठरलं. रीजनरेशन हा पूर्ण शब्द फक्त मॅन्युअलमध्ये असतो.

भांडं घासायचं, पण झाकण न काढता. रिअॅक्टर उघडत नाहीत. कोक आतल्या आत जाळायचा. वर्षभरात तिसऱ्या रिअॅक्टरच्या कॅटालिस्टवर वजनाच्या पंधरा टक्क्यांहून जास्त कोक बसलेला असतो. दहा टन कॅटालिस्ट असेल तर दीड टन कोळसा, तोही दाण्यांच्या पोटात. त्यावर नुसती हवा सोडली तर आत भट्टी पेटेल. म्हणून आधी नाफ्था बंद, मग हायड्रोजन काढून टाकायचा, नायट्रोजन भरायचा, कॉम्प्रेसरने तोच नायट्रोजन गोल गोल फिरवायचा, चारशे अंशांवर आणायचा आणि त्यात चोरपावलांनी हवा सोडायची. किती? ऑक्सिजन अर्धा टक्का होईल इतपत. हिशेब सोपा आहे: ०.१ टक्का ऑक्सिजन जळला की वायू दहा-बारा अंशांनी तापतो. अर्ध्या टक्क्याला साठ अंश. आमच्या कागदावर कमाल मर्यादा ४८० ची होती.

मर्यादा एवढी कडक का, तर जळण्याची गरज कोकला आहे, कॅटालिस्टला नाही. तापमान वाढलं की जेमतेम नॅनोमीटरभर आकाराचे प्लॅटिनमचे कण सरकत एकमेकांना जाऊन मिळतात. शंभर कणांचा एक गोळा झाला की आतले अणू कामाला मुकतात. कोकमध्ये थोडा हायड्रोजनही असतो, त्याची वाफ होते, ती क्लोरीन उडवून नेते. त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल पुढच्या कूलरच्या नळ्या खाऊ नये म्हणून कॉस्टिकचं पाणी सतत फिरवत ठेवावं लागतं. फील्डवरची पोरं दर अर्ध्या तासाला पीएचची पट्टी बुडवून रंग बघत. आणि लॅबचा माणूस रबरी फुग्यात गॅस भरून घेऊन जाई आणि ऑरसॅटच्या काचेच्या नळ्यांमध्ये, ऑक्सिजन शोषणाऱ्या पायरोगॅलॉलमधून तो सोडून ऑक्सिजन मोजे. ऑनलाइन अॅनालायझर होता, पण मामांचा भरवसा फुग्यावर जास्त.

बर्न बघण्यासारखा असतो, फक्त दिसत नाही. दिसतो तो रेकॉर्डरच्या कागदावर. त्या काळी पॅनेलवर पट्टीचा रेकॉर्डर असे. कागद सावकाश सरकायचा आणि त्यावर प्रत्येक थर्मोकपलचा, म्हणजे रिअॅक्टरच्या आतल्या तापमापकाचा, नंबर छापला जायचा, टक, टक, टक. आग रिअॅक्टरमध्ये एकदम पेटत नाही. जिथून ऑक्सिजन येतो तिथला कोक आधी, मग त्याच्या पुढचा. गल्लीतून वरात जावी तसं चालतं: एका थर्मोकपलच्या दारात ती आली की त्याचा आकडा चढतो, थोडा वेळ वाजतगाजत तिथेच थांबतो आणि उतरतो, तोवर पुढच्या दारात उजेड. पहिला रिअॅक्टर एका दिवसात झाला. दुसऱ्याला जरा जास्त लागला. तिसऱ्यात वरात शिरली आणि हलेचना.

चौथी रात्र, पहाटेचे तीन. तिसरा रिअॅक्टर तीस-बत्तीस तास जळत होता. वरून दर दोन तासांनी फोन: किती झालं, कधी देताय? मामा जेवायला गेले. जाताना म्हणाले, "साहेब, काही करू नका. काही करावंसं वाटलं तर चहा घ्या."

रिअॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन शून्य होता. म्हणजे आत जाणारा सगळा वापरला जात होता. मला वाटलं, भूक आहे तर वाढायला काय हरकत आहे? फील्डला वॉकीटॉकीवरून सांगितलं, हवेचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघड. अॅनालायझरवर काहीच हललं नाही. सॅम्पलची नळी लांब होती, गॅस तिथवर पोचायला काही मिनिटं लागत. हे मला माहीत होतं, म्हणजे वहीत लिहिलेलं होतं. मी आणखी पाव फेरा सांगितला.

नऊ नंबर आधी चढला. ४६५. पुढचा टक ४८८. मग ५२०. मी उठून उभा राहिलो. मधले सात, आठ नंबर जागेवर होते आणि नऊ एकटाच कागदाच्या उजव्या कडेकडे निघाला होता. ५७०. मला आठवतं ते एवढंच की मी त्या नऊच्या लाल आकड्याकडे बघत होतो आणि वॉकीटॉकी माझ्या हातातच होती. मागून मामांचा हात आला, त्यांनी ती काढून घेतली आणि दोन शब्द बोलले: "हवा बंद." डाव्या हाताला अजून डाळ-भात लागलेला होता, ते डावखुरे होते. नऊ नंबर ६१२ पर्यंत गेला, तिथे एक पूर्ण मिनिट रेंगाळला आणि मग नायट्रोजनच्या वाऱ्याने खाली येऊ लागला.

मामांनी हात धुतले. लॉग बुकमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ०३:१४, टीआय-९ हाय, ६१२, एअर कट, नायट्रोजन सर्क्युलेशन चालू. कुणी केलं ते लिहिलं नाही. सकाळी शिफ्ट इनचार्जना मी स्वतः सांगितलं. त्यांनी जे ऐकवलं ते मी विसरलो. मामा काहीच बोलले नाहीत, ते विसरता येत नाही.

बर्न पुन्हा सुरू केला, ०.३ टक्क्यावर. संपायला आणखी दीड दिवस लागला. मग ऑक्सिजन वाढवत, तापमान ५१० पर्यंत नेत, उरलासुरला कोक जाळायचा. मग क्लोरीनचं संयुग आणि हवा एकत्र सोडायची. हा भाग मला अजूनही चमत्कारासारखा वाटतो: एकमेकांना चिकटून बसलेलं प्लॅटिनम या क्लोरीनच्या हवेत पुन्हा सुटं होतं आणि अॅल्युमिनावर पसरतं. कागदावर याला ऑक्सिक्लोरिनेशन म्हणतात. त्यानंतर कोरडं करणं, हायड्रोजन, वेसणीचं गंधक, आणि नाफ्था. युनिट चाललं. ऑक्टेनही मिळाला. तापमान मात्र आधीच्या वेळेपेक्षा दोन अंश वर ठेवावं लागलं. ते दोन अंश माझे.

पुढे मी या विषयातच रमलो. पॉल वाइझ आणि गुडविन यांनी १९६० च्या दशकात मोबिलमध्ये दाण्यांमधला कोक कसा जळतो याचा अभ्यास केला होता, तो तेव्हा हाती लागला. कमी तापमानाला ऑक्सिजन दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचतो आणि काळेपणा सगळीकडून सारखाच फिका होत जातो. जास्त तापमानाला ऑक्सिजन बाहेरच्या बाहेरच संपतो. कड पांढरी होते आणि मध्ये काळा गाभा राहतो. नंतर एकदा अर्धवट जळलेला दाणा मी लॅबमध्ये ब्लेडने कापला आणि भिंगाखाली धरला. पांढरी कड, मध्ये काळा ठिपका, डोळ्याच्या बाहुलीसारखा. घाईची खूण इतकी स्वच्छ मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाही.

कोकच्या बाबतीत प्रत्येक युनिटचं घराणं वेगळं. आमच्याच कुंपणात शेजारी एफसीसी, म्हणजे जड तेलाचे रेणू फोडून पेट्रोल काढणारं युनिट, होतं. तिथे कॅटालिस्ट पिठासारखा, दर काही मिनिटांनी काळा होतो, जळून पुन्हा येतो, आणि त्या जळण्याच्याच उष्णतेवर सगळं युनिट चालतं. तिथे कोक कमी पडला तर लोक काळजीत पडतात. माझा एक वर्गमित्र खत कारखान्यात होता, तिथे रिफॉर्मर म्हणजे वेगळंच प्रकरण: नैसर्गिक वायू आणि वाफ, लाल तापलेल्या उभ्या नळ्या, त्यात निकेलचा कॅटालिस्ट. वाफ कमी पडली की कार्बन निकेलच्या कणाखालून केसासारखा उगवतो आणि कणाला टोकावर उचलून धरतो. त्या केसांत इतका जोर असतो, की दाणा आतून फुटतो. मग नळीवर जिराफाच्या मानेसारखे फिकट-गडद पट्टे दिसतात. मित्र भट्टीच्या झरोक्यातून ते शोधत फिरायचा. उपाय वाफेचाच. वाफ कार्बन खाते, पण फुटलेला दाणा जोडत नाही.

आणि १९७१ पासून यूओपीने रिफॉर्मरमधली रात्रच काढून टाकली. सतत रीजनरेशनच्या युनिटमध्ये रिअॅक्टर एकावर एक रचलेले असतात. दाणे आपल्याच वजनाने काही दिवस सावकाश खाली घरंगळत येतात, तळातून वायूच्या झोताने उचलले जातात, शेजारच्या मनोऱ्यात जळून स्वच्छ होतात आणि पुन्हा वर. अगदी रहाटगाडगं. कोक पाच टक्क्यांच्या आसपास असतानाच उतरवला जातो, म्हणून दाबही निर्धास्त कमी ठेवता येतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशावर मिळणारा ऑक्टेन दुसरीकडून आणायचा, तर त्यात रिफॉर्मरचा वाटा मोठा. मीही पुढे अशाच एका युनिटवर होतो. उत्तम युनिट. पण तिथे कुणी 'लागलाय' म्हणत नाही, कारण लागू देतच नाहीत.

१९९५ मध्ये जुन्या युनिटचा तिसरा रिअॅक्टर रिकामा केला. कॅटालिस्ट संपला होता, त्यातलं प्लॅटिनम काढून घ्यायला पाठवायचा होता. ते काम सोनाराच्या दुकानासारखं चालतं: दाणे चाळायचे, प्रत्येक ड्रम वजन करून सील करायचा, शेजारी सिक्युरिटीचा माणूस वही घेऊन उभा. दुपारी चाळणीवर काहीतरी धडकल्याचा आवाज आला. दाणे चिकटून झालेलं एक ढेकूळ होतं, राखाडी, एका बाजूने काचेसारखं गुळगुळीत. मी नकाशा काढून बघितला. टीआय-९ च्या हातभर डावीकडे. थर्मोकपलने ६१२ सांगितलं होतं, कारण ते जिथे होतं तिथे ६१२ होतं.

मामा तोवर निवृत्त होऊन देवगडकडच्या आपल्या गावी गेले होते. त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. निरोप ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा लावला.

"मामा, तीन नंबर आज रिकामा केला."

"नऊच्या बाजूला काय निघालं?"

"ढेकूळ. साडेचार किलो भरलं."

पलीकडे जरा वेळ कुणीच बोललं नाही. कोंबडी ओरडल्याचा आवाज आला.

"एवढंच ना," मामा म्हणाले. "मी दहा धरलं होतं. पाऊस काय म्हणतोय तिकडे?"